तुरुंगसेवा आणि रिस्टोरेटिव्ह जस्टिससाठी मंडळीतले सेवक तयार करायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

पायवाट
सर्वांना ख्रिस्तात सलाम. आमच्या मंडळीतले (चर्चमधले) काही जण तुरुंगात सेवेला जायला तयार आहेत. वचन सांगता येतं, गाणी येतात, प्रार्थना येते. पण समोरचा माणूस "माझ्यामुळे एक घर उद्ध्वस्त झालं" असं म्हणाला, तर पुढे काय करायचं हे कुणालाच कधी शिकवलेलं नाही. शिवाय आमच्या पाळकांचा आग्रह आहे की नुसत्या उपासना घेऊन थांबू नका, ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापर्यंतही पोचा. प्रशिक्षणाचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय. आधी काय शिकवावं, कोणता अभ्यासक्रम घ्यावा, काय अजिबात करू नये? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

जुनी_वही
पायवाट, आधी दोन कामं वेगळी करा. तुरुंगसेवा म्हणजे बंदिवानाला भेटणं, त्याचं ऐकणं, त्याच्या घरच्यांची विचारपूस करणं. रिस्टोरेटिव्ह जस्टिस, म्हणजे पुनर्स्थापक न्याय, सुरू होतो तो ज्याला इजा झाली त्या माणसापासून. हॉवर्ड झेर या अमेरिकन अभ्यासकांनी हा विचार नीट मांडून दाखवला. कोर्ट विचारतं: कोणता कायदा मोडला, कुणी मोडला, त्याला शिक्षा काय? इथे विचारायचं: इजा कुणाला झाली, त्यांना आता काय हवंय, आणि ते करण्याची जबाबदारी कुणाची?

हे प्रश्न फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि एक घटना द्या. समजा एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरात चोरी झाली. पैसे गेले आणि वारलेल्या नवऱ्याचं घड्याळही गेलं. आता गटांना चर्चा करू द्या. बहुतेक सेवक लगेच चोराकडे वळतात: तो का बिघडला, त्याला प्रभूकडे कसं आणायचं. त्या बाईंना रात्री झोप लागते का, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासावी लागते का, हे विचारायला फार वेळ लागतो. तो वेळ लागला हे त्यांचं त्यांनाच दिसू द्या, लगेच भाषण देऊ नका.

या कामाची सुरुवातही सांगा. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यँट्झी हे प्रोबेशन अधिकारी, म्हणजे गुन्हेगारांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारे, आणि मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे. या मुलांनी नुकसान झालेल्या लोकांना समोरासमोर भेटावं, असं त्यांनी न्यायाधीशांना सुचवलं. मुलं दारोदार गेली, कबुली दिली, नुकसान किती ते विचारलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. सेवकांना ही गोष्ट चटकन भिडते, कारण बायबलमधल्या जक्कयाची, येशूला भेटून बदललेल्या जकातदाराची, गोष्ट त्यांना पाठ असते. "चौपट परत देतो" हे वाक्य आपण प्रवचनात ऐकतो, पण ज्यांना ते परत मिळायचं होतं त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही.

शेवंती
मी पीडितांसोबत काम करते, म्हणून एकच मुद्दा लावून धरते. क्षमेचा आग्रह धरू नका. मंडळीतल्या सेवकांना शिकवायला सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, कारण त्यांच्या मनात चांगलंच असतं.

मुलगा गमावलेल्या आईला कुणी पहिल्याच भेटीत म्हणतं, "ताई, क्षमा करा, मन हलकं होईल." तिला काय ऐकू येतं? तुझा राग आम्हाला नको, तो लवकर आवर. ती पुन्हा दार उघडत नाही. पुष्कळदा तर ती उपासनेलाही यायचं सोडते, आणि ज्याने मुलाला मारलं त्याच्यासाठी मात्र मंडळीत दर आठवड्याला प्रार्थना चालू असते. हे मी पाहिलंय. ती क्षमा करेल की नाही, केव्हा करेल, हा तिचा आणि देवाचा विषय. सेवकाने तिथे बसायचं, ऐकायचं, कोर्टाची तारीख असेल तर सोबत जायचं.

प्रशिक्षणात जोड्या करून सराव घ्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. वचन सांगायचं नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलणारा मध्येच थांबला तर आपणही थांबायचं. ती शांतता सोसत नाही म्हणून लोक घाईघाईने "चला, प्रार्थना करू या" म्हणतात. ती प्रार्थना समोरच्याला हवी होती की आपल्याला, हे नंतर गटात बोला.

आणि पहिल्या सत्रापासूनच एखाद्या पीडित व्यक्तीला, तिची इच्छा असेल तरच, शिकवणाऱ्यांमध्ये घ्या.

सेवानिवृत्त_जेलर
मी भिंतीच्या आतल्या बाजूने सांगतो. सेवाभावी माणसांचं काम बंद पडतं ते दुष्टपणामुळे नाही, भोळेपणामुळे. एखादा बंदी हळूच म्हणतो, "ब्रदर, एवढी चिठ्ठी घरी द्याल? आई आजारी आहे." चिठ्ठी खरोखर आईला असेलही. पण ती घेतली की पुढच्या वेळी फोन, मग पैसे, आणि एक दिवस सगळ्या गटाचा प्रवेश बंद. प्रशिक्षणात हा प्रसंग करूनच घ्या. आवाज न चढवता, त्याचा अपमान न करता नाही म्हणता आलं पाहिजे: "मला हे नेता येत नाही. आपण अधिकाऱ्यांकडे रीतसर विचारू या."

काही गोष्टी अंगवळणी पडू द्या. एकट्याने जायचं नाही. गुन्हा काय केला हे विचारायचं नाही, तो सांगेल तेव्हा ऐकायचं. सुटकेचं, वकिलाचं, नोकरीचं आश्वासन द्यायचं नाही. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायची: जिवाला धोका किंवा लहान मुलांवर अत्याचार असं काही कळलं, तर ते माझ्यापाशी राहणार नाही. आधी सांगितलं तर विश्वासघात वाटत नाही.

आणखी एक. बंदिवानांबाबत संयुक्त राष्ट्रांचे जे किमान नियम आहेत, २०१५ पासून ज्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात, त्यातला ६५वा सेवकांना वाचून दाखवा. कुठल्याही बंद्याला धर्मसेवकाची भेट नाकारू नये, आणि त्याने भेट नको म्हटलं तर त्याच्या म्हणण्याचा पूर्ण मान राखावा, असं तिथे आहे. दुसरा भाग विसरू नका. बराकीतला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे त्याचा नकार आपल्यालाच जपावा लागतो. इतर धर्मांच्या बंद्यांशीही माणूस म्हणून बोला, सभेला येण्याच्या अटीवर मदत करू नका.

परतलेला
मी आत राहून आलोय. वरचं सगळं बरोबर आहे. माझ्याकडून एवढंच: येतो म्हटलं तर या. आतल्या माणसाला आठवडाभर तेवढीच एक वाट पाहायची असते. एक काका यायचे, फार बोलायचे नाहीत. मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं ते मात्र त्यांना बरोबर आठवायचं. "मुलीच्या परीक्षेचं काय झालं?" म्हणून विचारायचे. मोठमोठे कार्यक्रम घेऊन, फोटोची परवानगी मागून, एकदाच येऊन गेलेले गट मला आज आठवतही नाहीत.

ज्याचं मी नुकसान केलं त्याच्याबद्दल मला पहिल्यांदा नीट विचारलं तेही त्या काकांनीच, ओळख चांगली मुरल्यावर. आधी विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो.

पायवाट
शेवंतीताई, जेलरसाहेब, दादा, मनापासून आभार. आता अभ्यासक्रमाचं सांगा. आणि आरोपी व पीडित यांची भेट आम्ही घडवून आणू शकतो का?

जुनी_वही
भेट नको. निदान आता तरी नको. अशा भेटीआधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं, अनेकदा भेटावं लागतं. गुन्हेगाराने जबाबदारी मान्य केलेली असावी लागते, दोघंही स्वखुशीने यावे लागतात आणि कुणालाही कोणत्याही क्षणी थांबता यावं लागतं. प्रशिक्षित मध्यस्थाशिवाय हात घालू नये. घरगुती हिंसा आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर नवख्यांनी पडूच नये. मंडळीच्या आतच असा अत्याचार झाला असेल, तर समेटाच्या नावाखाली पोलिसांकडे जाणं टाळू नये, हेही प्रशिक्षणात ठणकावून सांगा.

त्याऐवजी प्रिझन फेलोशिप इंटरनॅशनल या तुरुंगसेवा करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचा सिकॅमोर ट्री प्रोजेक्ट बघा. त्यात बंदिवान आणि पीडित एकत्र बसतात, पण ते एकाच गुन्ह्यातले नसतात. चोरी झालेली व्यक्ती दुसऱ्याच कुणा चोराला सांगते की तिच्यावर काय गुजरलं. धोका बराच कमी होतो, आणि ऐकणाऱ्याला पळवाटही राहत नाही. येशूला बघायला जक्कय ज्या झाडावर चढला, त्यावरूनच हे नाव आलंय.

सरावासाठी ऑल्टर्नेटिव्हज टू व्हायोलन्स प्रोजेक्टच्या, म्हणजे हिंसेऐवजी दुसरे मार्ग शिकवणाऱ्या, कार्यशाळा मला सगळ्यात आवडतात. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात बंदिवान आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मिळून त्या सुरू केल्या. धर्मप्रचार नसतो, आणि पुढे बंदिवान स्वतःच प्रशिक्षक होतात. तुमच्या सेवकांनी आधी स्वतः त्या कार्यशाळेत बसावं, राग आल्यावर आपलं काय होतं ते बघावं. वाचायला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाचं रिस्टोरेटिव्ह जस्टिसवरचं हँडबुक आहे. २०२० ची दुसरी आवृत्ती मोफत मिळते. भाषा कोरडी आहे, पण मध्यस्थाच्या तयारीचा भाग उपयोगी आहे.

शेवंती
सुटून आलेल्याचं काय करणार, तेही आराखड्यात घ्या. लैंगिक गुन्ह्यातून सुटलेल्या माणसाभोवती स्वयंसेवकांचा लहान गट उभा करायची पद्धत १९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एका मेनोनाइट पाळकांनी सुरू केली. आधार आणि जाब, दोन्ही त्यात असतं. हे नवख्यांचं काम नाही, पण साध्या गोष्टी आधीच ठरवा: तो उपासनेला आला तर शेजारी कोण बसेल, मुलांच्या शाळेच्या बाजूला त्याने जायचं नाही हे त्याला कोण सांगेल, आणि त्याच मंडळीत पीडिताचं कुटुंब असेल तर जागा कुणी बदलायची. माझं मत स्पष्ट आहे: जागा त्याने बदलावी. त्याच्यासाठी दुसरी उपासना शोधा.

पायवाट
मग असं ठरवतो: पहिले काही महिने फक्त ऐकण्याचा सराव आणि तुरुंगाचे नियम, त्यानंतर अनुभवी सेवकासोबत नुसतं जाऊन बसणं, आणि त्याच काळात दोघं-तिघं फक्त पीडितांच्या घरी. एक शंका राहिली. निवड कशी करावी? इच्छा तर सगळ्यांचीच आहे.

सेवानिवृत्त_जेलर
ज्याला आपल्या विश्वासाची साक्ष देण्याची घाई आहे, त्याला थोडं थांबवा. ज्याचं स्वतःचं जवळचं कुणी नुकतंच गुन्ह्याचा बळी ठरलंय, त्यालाही सध्या नको, त्याला आधी आधार द्या. आणि प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी अर्धा तास सगळ्यांनी बसून बोलायचं, हे ज्याला जमणार नाही त्याला घेऊच नका. आत ऐकलेलं तसंच घरी घेऊन गेलेली माणसं फार काळ टिकत नाहीत.