मदत हवी आहे: सातवीतल्या पुतण्याला खरं कसं सांगू?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कापसाची कोरडवाहू शेती. पोळ्याच्या आधी माझ्या दादानं आत्महत्या केली. कर्ज होतं, पण तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. बरेच महिने त्याला झोप नव्हती, बोलणंही तुटलं होतं.

भेटायला येणारे आधी विचारतात, "प्रकरण पात्र झालं का?" शासनाची १ लाखाची मदत कर्ज-नापिकीचे कागद बघून ठरते, मान्य. पण वहिनीसमोर तिच्या नवऱ्याचं पात्र-अपात्र काढू नये, एवढं तरी कळावं ना! ती सातबारा, बँकेची नोटीस, पंचनाम्याची प्रत एका पिशवीत घालून उशाशी ठेवते. रडत मात्र नाही. आईचं उलट, "मला आधी कळायला हवं होतं" हेच दिवसभर.

मुख्य प्रश्न पुतण्याचा. घरच्यांनी त्याला 'हार्ट अटॅक' सांगितलंय. शाळेतली पोरं गप्प बसणार आहेत का? त्याला खरं घरातूनच कळावं असं माझं मत आहे. पण कोणत्या शब्दांत? वहिनीनं सांगावं की मी?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोललो. मराठीत शांतपणे ऐकून घेतलं, बरं वाटलं. वहिनी अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला तयार नाही. ज्यांच्या घरी असं घडलंय अशा बायकांचा एखादा गट यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे आहे का? आणि पहिली दिवाळी तुम्ही कशी काढलीत? इथे लिहायला नको वाटलं तर मला मेसेज करा.