अनुभव धागा: प्रिंटरचं हेड तुंबलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

दिवाळीची आवराआवर चालू आहे. ड्रॉवरच्या तळाशी बिनसुईची १० मिलीची सिरिंज सापडली, आत वाळलेली निळी शाई. बाबाच आठवले एकदम. निवृत्तीनंतर हौसेनं इंकजेट घेतला होता त्यांनी. महिनाभर नाही वापरला की काळं यायचं बंद. मग हेड क्लीनिंग, परत हेड क्लीनिंग, त्यातच शाई निम्मी. शेवटी कार्ट्रिज काढून, बशीत कोमट पाण्यानं भिजवलेल्या टिश्यूवर नोझल टेकवून ठेवायचे आणि दुधावर लक्ष ठेवावं तसे समोर बसून राहायचे. टिश्यूवर काळा डाग फुटला की "सुटलं गं!" अशी आईला हाक.
आता माझ्याकडे टँकवाला आहे आणि कालपासून पिवळा गायब. लिहा आपापले किस्से. उपायही चालतील.

चकलीची भाजणी
पिवळाच गेला ना? आमचा गुलाबी गेला होता आणि तेव्हाच दिरांचा बायोडेटा छापला. स्थळाकडून पहिला प्रश्न, मुलाला कावीळ झाली होती का. (लग्न झालं नंतर. दुसरीकडे.)

हात काळे
बाबांची बशी चालली कारण त्या कार्ट्रिजला नोझल खालीच असतं. टँकवाल्यात बहुतेकदा हेड मशीनमध्येच बसवलेलं. मी हेड मधोमध आल्यावर प्लग काढला, डिस्टिल्ड वॉटरनं ओला केलेला टिश्यू हेडखाली सरकवला, रात्रभर ठेवला. सकाळी तिसऱ्या नोझल चेकला (चाचणीचं पान) रेघा जुळल्या. सिरिंजला सलाईनची नळी लावून जोर करू नका. आधीच्या मशीनवर मी केला, शाई सर्किटवर. गेला तो गेलाच. आणि नळाचं पाणी नको, क्षार बसतात.

बोअरवाली
क्षारांवरून आठवलं, बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजते का कुणाची? ५ शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच.

चकलीची भाजणी
भिजत घाल तासभर. मीठ नंतर.

विदर्भवासी
आमच्याकडे मे महिन्यात माणूस सुकते, शाईचं काय घेऊन बसलात. मी दर रविवारी एक रंगीत पान काढतो, पोरीनं काढलेलं मांजर. सगळे रंग त्यात आहेत. ३ वर्षं झाली, एकदाही तुंबला नाही. मांजराचा मात्र गठ्ठा झालाय.

मोबाईलवरून, चुका माफ
आमच्या दुरुस्तीवाल्यानं आल्या आल्या विचारलं, "ताई, बोर्डावरनं बंद करता ना?" करतोच! घराबाहेर पडताना सगळे बोर्ड बंद, ही सासऱ्यांची शिस्त. तर म्हणे प्रिंटरच्या बटणानं बंद केला की हेड कोपऱ्यात रबरी टोपीवर जाऊन बसतं. मधेच वीज तोडली तर उघडं राहतं आणि वाळतं. सासऱ्यांना कोण सांगणार? बोर्डाच्या बटणावर चिकटपट्टी लावली. ती त्यांनी काढली.

हात काळे
😂 हेच खरं कारण निम्म्या घरांत.

जुना खोडवा
इंकजेटचा एक किस्सा. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. त्यातून बबल जेट, म्हणजे शाई तापवून उडवायचं तंत्र, आलं. म्हणजे सिरिंज पहिल्यापासूनच

धागाकर्ती
काका, माझा पिवळा!!

जुना खोडवा
हो हो. क्लीनिंग लागोपाठ दोन-तीनदाच. मग निदान रात्रभर थांबायचं. ती शाई आतल्या स्पंजात जाते. मी एका बैठकीत १५ वेळा केलं होतं. काही दिवसांनी स्पंज भरल्याचा लाल दिवा, मशीन बंद. नवीन स्पंज टाकून काउंटर रीसेट करावा लागला.

धागाकर्ती
टिश्यू ठेवला रात्रभर. पिवळ्याच्या रेघा आल्या, मधे दोन तुटक. आज हात लावत नाही. बोटं हळद लागल्यासारखी झालीत, भाऊबीजेपर्यंत जातील का?

चकलीची भाजणी
सॅनिटायझर चोळ.

बोअरवाली
डाळ शिजली. थँक्यू.