कामगारांसाठी दोन श्रेयांकांचे प्रमाणपत्र: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न | यंत्र अभियांत्रिकीची प्राध्यापिका, पुणे
चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी आमच्या महाविद्यालयाने ‘मोजमाप व तपासणी’ हा छोटा अभ्यासक्रम आखायचे ठरवले आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकाला (क्रेडिटला) अभ्यासाचे ३० तास धरतात, म्हणजे आमच्या हाती ६० तास आहेत. माझा पहिला मसुदा मात्र पदविकेचाच विषय कात्री लावून बसवल्यासारखा झाला आहे: पाच प्रकरणे आणि शेवटी लेखी परीक्षा. हा कागद हाती घेऊन कारखान्यात परतलेल्या माणसाला नवे काय करता येईल, हे मलाच सांगता येत नाही.

उत्तर | गुणवत्ता विभाग, भोसरी
मॅडम, प्रकरणे बाजूला ठेवून आधी परीक्षा ठरवा. आमच्याकडे एकाच जॉबची, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या भागाची, मापे दोन पाळ्यांत वेगळी येतात, तेव्हा कोणी रॅचेट (ठरावीक दाबापुढे घसरणारी मूठ) न वापरता मायक्रोमीटर हे मापयंत्र आवळलेले असते, तर कोणी ग्राइंडिंगवरून उतरलेला गरम जॉब तसाच मोजलेला असतो. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. ५० मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट त्याहून २० अंशांनी तापलेला असला, तर माप सुमारे ०.०११ मिमीने जास्त येते आणि चांगला माल नाकारला जातो. उमेदवारासमोर ड्रॉइंग आणि पाच जॉब ठेवा, त्यांतला एक गरम असू द्या, आणि प्रत्येक निर्णयाचे कारण विचारा.

उत्तर | अभ्यासमंडळाचा माजी सदस्य
वरील सूचनेशी सहमत आहे. ‘ओळख होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ ही आपली लाडकी क्रियापदे तपासताच येत नाहीत. ६० तासांत घरचा अभ्यास आणि मूल्यमापनही धरलेले असते, त्यामुळे सगळे तास वर्गात भरवण्याची गरज नाही. पाळी बदलणाऱ्यांसाठी तोच वर्ग सकाळी आणि संध्याकाळी घेता येईल. मात्र हे श्रेयांक पुढे कोणत्या पदविकेत किंवा पदवीत धरले जाणार, हे विद्यापीठाकडून आजच लेखी घ्या. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या डिजिटल खात्यात) ते जास्तीत जास्त ७ वर्षे टिकतात, आणि तोवर ते जमा करायला जागाच नसेल तर कामगाराची फसवणूक होईल.

प्रश्नकर्ती
लेखी परीक्षा २० गुणांवर आणते आहे, उरलेले ३० प्रात्यक्षिकाला. गरम जॉबची सोय कार्यशाळेत होईल. पण कारण तोंडी सांगायचे असेल तर दोन परीक्षकांचे गुण जुळावेत यासाठी निकष कसे लिहिता?