शब्दचर्चा : दंतवल्काची 'झीज', 'धूप' की 'खनिजक्षय'?

प्रश्न : शाळेतल्या विज्ञान मंडळासाठी दातांवर लेख लिहिते आहे. एनॅमलसाठी, म्हणजे दातावरच्या कठीण पांढऱ्या आवरणासाठी, 'दंतवल्क' घेतला आहे. पण खड्डा पडण्याच्या कितीतरी आधी सूक्ष्मदर्शकाखाली जो ऱ्हास दिसतो, त्याला काय म्हणावे? 'कीड' म्हटले की मुलांना काळा खड्डाच आठवतो. 'झीज' चालेल का?

प्रतिसाद : 'झीज' नको. झीज घासून होते, दातावर दात किंवा जोरात फिरवलेला ब्रश. आंबट पेयांमुळे पृष्ठभाग विरघळतो त्याला 'धूप' म्हणता येईल. तिथे जिवाणूंचे काम नसते आणि मातीसारखा वरचा थर आधी जातो. किडीत नेमके उलटे घडते. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की खनिज विरघळू लागते, पण वरचा पातळ थर बराचसा शाबूत राहून त्याच्या खालचा भाग विरळ होतो. दाताचा पातळ काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की शाबूत आणि विरळ भागांचे पट्टे वेगवेगळे दिसतात. बाहेरून मात्र खडूसारखा पांढरा डाग, एवढेच. मी 'खनिजक्षय' सुचवेन. या टप्प्यावर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट परत आत जाऊ शकते, फ्लोराइडची त्याला मदत होते. त्यासाठी 'खनिजभरण' ही जोडीही जुळते.

प्रतिसाद : 'खनिजक्षय' उत्तम. क्रियापद मात्र 'पोखरणे' घ्या, आणि यामागे भक्कम कारण आहे. दंतवल्काचे सुमारे ९६ टक्के वजन खनिजाचे, तेही जेमतेम ५० नॅनोमीटर रुंदीच्या लांबट स्फटिकांच्या रूपात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली किडलेल्या भागातले कितीतरी स्फटिक मधोमध पोकळ झालेले आणि कडेने टिकलेले दिसतात. असे का, याचा उलगडा २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या शोधनिबंधात झाला. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने अ‍ॅटम प्रोब टोमोग्राफी वापरली. या तंत्रात नमुन्याच्या सुईसारख्या टोकावरून अणू सुटे करत प्रत्येकाची जात आणि जागा नोंदवतात. स्फटिकाच्या गाभ्यात मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट यांचे प्रमाण जास्त निघाले, आणि असा गाभा आम्लात लवकर विरघळतो. 'दात आतून पोखरला' हे घरोघरी म्हणतात; ते एका स्फटिकापर्यंत खरे ठरावे, याचा मला फार आनंद झाला.

प्रश्नकर्ती : वा! मग खड्डा पडेपर्यंत 'खनिजक्षय' आणि पडल्यावर 'कीड', अशी वाटणी करते. 'दंतवल्क' बरोबर आहे ना? वल्क म्हणजे साल, आणि झाडाची साल तर पुन्हा येते.

प्रतिसाद : 'दंतवल्क' रूढ आहे, ठेवा. फक्त एक वाक्य जोडा : दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे तुटलेला तुकडा पुन्हा वाढत नाही. वाटणी मात्र करू नका. पांढरा डाग हीसुद्धा कीडच, तिची पहिली पायरी. 'अजून कीड नाही' असे वाचले तर पालक दंतवैद्याकडे जाणारच नाहीत, आणि भरून येण्याची संधी त्याच टप्प्यावर असते. 'किडीची सुरुवात, म्हणजे खनिजक्षय' असे लिहा.