गुलमर्गला गोल्फ खेळायला जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही चौघे पुणेकर गुलमर्गला चाललोय. सगळे पन्नाशीपुढचे. पुणे साधारण 560 मीटरवर, गुलमर्गचं मैदान 2,650 च्या आसपास. आधी दोन रात्री श्रीनगरला काढायच्या, मग वर, असं ठरलंय. उंचीची सवय व्हायला तेवढं पुरेल का?

खरी पंचाईत क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची आहे. माझा सात नंबरचा आयर्न इथे जेमतेम 130 यार्ड जातो. तिथे हवा विरळ, म्हणजे चेंडू लांब जाणार हे कळतं, पण नक्की किती? एक क्लब कमी (म्हणजे कमी लांब मारणारा) घ्यायचा की दीड? (आमच्यातल्या एकाला आताच 300 यार्डांची स्वप्नं पडायला लागलीत.)

अठरा होल पायी, तेही चढउतारावर, दम लागेल ना? मी सध्या रोज पर्वती चढतोय, पण पाचव्या मिनिटालाच कठड्याला टेकतो. एकाला बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि सल्फाची ॲलर्जीही आहे. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) तो डॉक्टरांनाच विचारणार आहे. गंडोल्याने (रोपवेने) वर अफरवाट शिखराकडे जायचं ते खेळ झाल्यावरच ठेवलंय.

कॅडी (किट उचलणारे मदतनीस) आणि भाड्याचे क्लब तिथे नीट मिळतात का? की इथूनच किट न्यावं? खेळून आलेल्यांनी सांगा.