मदत हवी आहे: मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’ची पहिली छपाई कशी ओळखायची?

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्कारावरचं हे पुस्तक हार्पर अँड ब्रदर्सने १९५८ मध्ये काढलं. अमेरिकेतला एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता मला पहिली आवृत्ती म्हणून एक प्रत देतोय. वेष्टणाचा किमतीचा कोपरा मात्र कापलेला आहे, म्हणून बुक क्लबच्या प्रतीची (क्लबच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली, वेष्टणावर सहसा किंमत नसलेली प्रत) शंका येते. हार्परच्या त्या काळच्या पुस्तकांत कॉपीराइटच्या पानावर दोन अक्षरी खूण असते: पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं वर्षाचं (१९५८ साठी ‘एच’). फोटोत नेमकी तीच ओळ धूसर आहे.

पहिल्या छपाईवर कोणती जोडी असते? मागच्या पुठ्ठ्यावर दाबलेला ठसा असेल तर प्रत क्लबचीच समजायची का? कुणाकडे खात्रीची प्रत असेल तर कृपया त्या पानाचा फोटो टाका. गांधींच्या विचारांपर्यंत आपण कसे पोचलो, हे किंग यांनी यात लिहिलंय. म्हणून मला मूळ छपाईच हवी आहे.