लेकरांसाठी मराठीत प्रश्नमंजुषेचा पॉडकास्ट आहे का कोणता?

कापूसवाला_बाप (ता. दारव्हा)
नमस्कार मंडळी. पोरगी पाचवीत, पोरगा तिसरीत, दोघंही झेडपीच्या शाळेत. सांजच्याला मी वावरातून येतो तर मोबाईल त्यांच्याच हातात अन पाहतात काय तर रील. बायको म्हणे पाहण्यापेक्षा ऐकायचं काही लावा, आपल्या लहानपणी रेडिओ होता तसं. तर जनरल नॉलेजच्या प्रश्नोत्तराचा एखादा पॉडकास्ट सांगा जो जेवताना सगळ्यांना ऐकता येईन, आजी पण बसते सोबत. मराठीत असन तर लयच चांगलं. घरात रेंज नाई, पारापाशी येते, म्हणून डाउनलोड करूनच आणा लागन.

गुरुजी_मेहकर
इंग्रजीत आहेत भाऊ. ‘हू स्मार्टेड’ नावाचा अमेरिकेतला आहे, गोष्ट सांगता सांगता मधेच पर्याय देऊन प्रश्न विचारतो. ‘बट व्हाय’ तिकडच्याच व्हरमाँटच्या रेडिओचा, त्यात लेकरंच प्रश्न पाठवतात अन जाणकार उत्तर देतात. वर्गात लावून पाहिले मी. गोची अशी का त्यांचं बोलणं सुसाट, आपलं पोट्टं पर्याय समजून घेईपर्यंत उत्तर येऊन जाते. स्पीड कमी करा, प्रश्न झाला का पॉज दाबा अन मराठीत सांगा. पण सगळा संदर्भ तिकडचा, आजीले काय करायचं त्याचं.

नागपुरी_तडका
एवढं कशाले बावा, केबीसी लावून द्या

वऱ्हाडी_मावशी (अमरावती जिल्हा)
केबीसीत पोरं करोडाकडंच पाहतात, प्रश्नाकडं नाई.
मी तर कंटाळून स्वतःच रेकॉर्ड करणं सुरू केलं, मोबाईलच्या रेकॉर्डरवर, अन बहिणीच्या पोरांना व्हॉट्सॲपवर पाठवते. एका वेळी पाचच प्रश्न, अन प्रश्न विचारला का दहा सेकंद गप्प बसायचं, मागून कोंबडा ओरडला तर ओरडू द्यायचा. खरी मजा त्या गप्प बसण्यातच आहे, तेवढ्यात घरात भांडणं लागतात. आता लोणार कोणत्या जिल्ह्यात हा प्रश्न पाठांतराचा, आलं तर आलं नाईतर बसा. त्यापेक्षा विचारा का लोणारचा खड्डा ज्वालामुखीनं झाला, नदीनं कोरला, का वरून काही येऊन आदळलं? मग प्रत्येकाचं डोकं चालते. (आदळलं. उल्का, काळ्या बेसाल्ट खडकावर, खड्डा जवळपास १.८ किलोमीटर रुंद.) त्यालाच जोडून, २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी काऊन झालं? माझा भाचा म्हणे कोणी रंग टाकला असन. खरं म्हणजे पाणी आटून खारटपणा वाढला, अन खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा थो रंग.

कापूसवाला_बाप
मावशी, काल केलं तुमच्यासारखं, लाइट गेली होती तर रेकॉर्डिंग पण नाई केलं, तोंडीच. पहिलाच प्रश्न, पऱ्हाटीचं फूल कोणत्या रंगाचं? पोरगा ओरडला पांढरं! आजी म्हणे येड्या, तू सांगून राहिला थे फुटलेलं बोंड, फूल पहिल्या दिवशी दुधावानी अन दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. मग मी पुढं ओढलं का कापूस म्हणजे फुलाचा भाग का बियाचा? सरकीवरची लव आहे म्हटलं तर पोरगीनं अंधारात टॉर्च लावून सरकी सोलून पाहिली. कापूसवाल्याचं घर अन हे हाल. आजी चार, पोट्टे एक. आता पोरगी मलेच विचारून राहिली, हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी कोमट काऊन लागते? गुरुजी सांगा लवकर, ती वाट पाहून राहिली.

गुरुजी_मेहकर
सांगतो, पण घाई नका करू. तिले आधी विचारा, तेच पाणी उन्हाळ्यात दुपारी कसं लागते, अन विहिरीतलं पाणी बदलते का बाहेरची हवा? दहा सेकंद गप्प बसा.